ऑटिस ब्लेव्हिन्सच्या तारा

ब्लेव्हिन्सांच्यात कुणी गेलं की त्याच्यासाठी ‘गिरणीची वाट’ ही चाल वाजते, पण लगेच नाही. दफनाच्या दिवशी फक्त गातात, तेही वाद्याशिवाय, कारण ब्रश क्रीकच्या चर्चला वाद्य चालत नाही. वाजवायचं ते पुढच्या जूनमध्ये, थडग्यांच्या रविवारी. आदल्या दिवशी सगळे मिळून तण उपटतात आणि मातीचे उंचवटे नीट करतात. रविवारी फुलं वाहतात, कुंपणाबाहेर ओकच्या झाडांखाली जेवतात, आणि जेवणं उरकली की वर्षभरात जे कुणी आत जाऊन निजलं असेल त्याच्यासाठी बांजो आणि फिडलवर, म्हणजे इकडच्या व्हायोलिनवर, ती चाल तीनदा वाजते. चाल कुणाच्या तरी पणजोबांची आहे. तिला शब्द नाहीत.

लोरीनला आठवतं तेव्हापासून बांजो तिच्या बापाचा, ऑटिसचा असायचा आणि फिडल प्रेस्टन हॅल्सीचं. ऑटिसने ती चाल आपल्या बापासाठी वाजवली, आईसाठी वाजवली, दोन भावांसाठी वाजवली, बायकोसाठी वाजवली. मागच्या नोव्हेंबरात तो स्वतःच गेला, आणि त्याच्यासाठी ती बांजोवर वाजवू शकेल असं कुणी मागे उरलं नाही.

बाकीच्या चाली त्याने मागेल त्याला दिल्या. ही मात्र दिली नाही. थडग्यांच्या रविवारी तो ट्रकच्या मागे जायचा, लोकांकडे पाठ करून तारा लावायचा, आणि वाजवून झालं की खुंट्या पिळून ती जुळणी पुन्हा मोडून टाकायचा, कुणाला कळू नये म्हणून. जुन्या वादकांची ही खोडच होती. लोक चेष्टा करत. “ऑटिस, मागे दारूची भट्टी लावलीयस का रे?” तो म्हणायचा, “लावली असती तर पहिला वास तुला आला असता.”

लोरीन चार गावं पलीकडे, रोनोकच्या ग्रंथालयात नोकरी करत होती. बांजो तिला बापानेच शिकवला होता. ही चाल कधीतरी मागू, असं तिने बरीच वर्षं मनात ठेवलं होतं. आता मे महिन्यात ती रजा टाकून बापाच्या रिकाम्या घरात राहायला आली आणि पहिल्याच सकाळी तिने आत्याला फोन करून बांजो कुठे आहे ते विचारलं.

बांजो व्हर्जीआत्याच्या मुलाकडे, गारनेटकडे होता. दोघं मायलेक दुपारी आले. आत्याने टेबलावर घेवड्याच्या शेंगा ओतल्या आणि गारनेटने पेटी उघडली.

“घे ताई. नवाकोरा करून आणलाय.”

अक्रोडाच्या लाकडाचा तो घरगुती बांजो होता. दांडीवर सुरांचे पडदे नव्हते, आणि शेंगांचा मळा फस्त करणाऱ्या एका ग्राउंडहॉगला, घुशीसारख्या जाड्या प्राण्याला, आजोबांनी ज्या वर्षी गोळी घातली त्या वर्षी त्याचं कातडं त्यावर चढलं होतं. गारनेटने त्यावर पोलादी तारा ओढल्या होत्या आणि त्या पेलायला खाली उंच, विकतची घोडी बसवली होती.

“घोडी का बदललीस?” लोरीनने विचारलं.

“आवाज ऐक आधी. दरीपलीकडे जाईल आता.”

“बाबांना तो दरीपलीकडे पाठवायचा नव्हता.”

“खरंय,” आत्या शेंगेची शीर ओढत म्हणाली. “ऑटिसने जन्मात काही मोठ्याने केलं असेल तर ते शिंकणं.”

गारनेट चांगला वादक होता, पण त्याची तऱ्हा नवी होती. बोटांत नख्या घालून, वरच्या दिशेने तारा छेडत, पत्र्यावर पाऊस पडावा तसा तो वाजवायचा. “रविवारी मी वाजवतो ना,” तो म्हणाला. “चाल मला येते.”

“तुला एकच चाल येते,” आत्या म्हणाली, “आणि तीच तू सगळ्यांच्या मढ्यावर घालतोस. तू वाजवलंस तर ऑटिस उठून बसेल. पुरे कर म्हणायला.”

“उठला तर बरंच आहे की.”

कुणीच हसलं नाही. गारनेटला ते कळलं, आणि तो शेंगा मोडायला बसला.

“मी वाजवणार आहे,” लोरीन म्हणाली.

“त्याच्या तारा ठाऊक आहेत तुला?” आत्याने विचारलं.

“नाहीत. पण काढीन.”

ते गेल्यावर तिने आधी पोलादी तारा उतरवल्या. एवढा ताण त्या जुन्या दांडीला सोसला नसता, आज ना उद्या ती वाकलीच असती. बापाच्या हत्यारांच्या खणात त्याने मेपलमधून कोरलेली बुटकी घोडी सापडली, नायलॉनच्या तारांचं वेटोळंही सापडलं. तारा चढवून, ताणून, पुन्हा चढवून तिने त्या एक दिवस तशाच राहू दिल्या. नवं नायलॉन आधी सैल पडतं, त्याच्याशी घाई करून उपयोग नसतो.

उजव्या हाताचं काम तिच्या अंगात होतं. मूठ सैल ठेवायची. तर्जनीच्या नखाची पाठ तारेवर खाली पाडायची. त्याच झोक्यात अंगठा वरच्या आखूड तारेवर टेकतो आणि हात उचलताना तिला सोडून देतो. खाली, खाली, अंगठा. ती सहा-सात वर्षांची असताना बाप सांगायचा, “दार ठोठावल्यासारखं नको गं. हाताचं पाणी झटकतेस ना, तसं.” चालही तिच्या कानात होती, एकही सूर इकडचा तिकडे न होता. प्रश्न डाव्या हाताचा आणि तारांचा होता.

सगळे म्हणत की ती डोंगरी जुळणीतली, म्हणजे तारा त्या ठरावीक सुरांना लावून वाजवायची चाल आहे. इकडच्या निम्म्या उदास चाली त्याच जुळणीत बसतात. तिने तशा तारा लावल्या आणि चाल बसवली. एकच जागा अवघड होती. दुसऱ्या भागात तर्जनीने खालचा एक सूर धरून ठेवावा लागे आणि त्याच वेळी वरच्या तारेवर चाल चढत जाई. त्यासाठी अनामिका ताणून दूर टाकावी लागत होती. आठवडाभर घासल्यावर तेही जमलं. मग पेटी घेऊन ती प्रेस्टनकाकांकडे गेली.

काका ओसरीवर बसले होते. पाठ वाकली होती, पण गज धरणारा हात अजून सरळ होता.

“कुठल्या तारा लावल्यास?”

“डोंगरी. सगळे तीच म्हणतात.”

“सगळे म्हणजे गारनेट.”

“आणि बाकीचेही.”

“बाकीच्यांना गारनेटनेच सांगितलं असेल. चल, वाजव.”

तिने सुरुवात केली. काकांनी पहिला भाग तिच्याबरोबर वाजवला, ते दुसऱ्यात शिरले, आणि त्यांनी गज तारांवरून उचलला. लोरीन थांबली.

“चाल बरोबर आहे,” काका म्हणाले. “हातही त्याचाच आहे तुझा. पण हे ते नाही.”

“काय चुकतंय?”

“ते सांगता आलं असतं तर मी फिडल कशाला वाजवत बसलो असतो?” त्यांनी फिडल मांडीवर आडवं ठेवलं. “तुझा बाप ही वाजवायचा ना, तेव्हा मला नेहमी वाटायचं की आमच्यात आणखी एक जण बसलाय. बांजोच, पण दुसरा. तुझ्या वाजवण्यात तू एकटीच आहेस.”

“इतकी वर्षं शेजारी बसलात. कधी बघितलं नाहीत?”

“माणूस तारा लावत असताना बघू नये. शेजारणीच्या पातेल्यात डोकावण्यासारखं आहे ते.”

“डोकावला असतात तर आज उपयोग झाला असता.”

“झाला असता,” काकांनी कबूल केलं. मग फिडल पेटीत ठेवत म्हणाले, “रागावू नकोस पोरी. रविवारी तारा बरोबर नसतील तर मी फिडल पेटीतून काढणार नाही. दुसऱ्या कुणासाठी चालवून घेतलं असतं. ऑटिससाठी नाही.”

“नाही रागावत. पेटी घेऊन या, एवढंच.”

तिने घरी येऊन ती जुळणी मोडली आणि तारा नव्याने लावल्या. पुढचे सगळे दिवस तेच चाललं. जाड तार खाली उतरवून बघितली, पातळ तार चढवून बघितली; ती तुटली, दुसरी लावली. घोडी कातड्याच्या मध्याकडे सरकवली तेव्हा आवाज गोल झाला, पण बोथट झाला. मागे सरकवली तेव्हा नुसता कडकडाट. एक जुळणी जवळची वाटे, आणि दुसऱ्या भागात ती ताणलेली अनामिका तिथे जाऊन पोहोचली की सगळं स्वच्छ होऊन जाई. जरा जास्तच स्वच्छ. बोटाच्या टोकाची साल निघाली होती. आत्या जेवण घेऊन यायची तेव्हा बघायची.

“बोटं शिल्लक ठेव थोडी,” ती म्हणायची. “रविवारची भांडी पडणार आहेत.”

“सोडून दे असं म्हणायचंय का तुला?”

“मी म्हणून कोण ऐकणार? तुझी आई हेच करायची. सोडून द्यायचं असलं की आणखी जोराने धरायची.”

शनिवारी सकाळी सगळे टेकडीवर जमले. बायकांनी फावडी आणली होती, पुरुषांनी गवत कापायची यंत्रं, आणि नेहमीप्रमाणे यंत्रांभोवती सल्ला देणारे जास्त होते. लोरीन हातमोजे विसरली होती. बापाच्या ट्रकमध्ये बैठकीखाली त्याचे जुने चामडी मोजे मिळाले. उजवा सहज गेला. डावा जाईना. तिने तो काढून बघितला. अनामिकेची आणि करंगळीची जागा आत दुमडून जाड दोऱ्याने शिवून टाकलेली होती. टाके आईचे होते. रिकामी बोटं कुंपणाच्या तारेत अडकू नयेत म्हणून तिने तसं केलं असणार.

ऑटिसची ती दोन बोटं फर्निचरच्या कारखान्यातल्या करवतीने नेली, तेव्हा लोरीन जन्मलेली नव्हती. तिने त्याचा हात दुसऱ्या तऱ्हेचा पाहिलाच नव्हता. तिच्या लेखी त्या हातात उणं असं काही नव्हतं. बाबांचा हात तो असा.

तिने आपली दोन बोटं तळव्यात मिटली, मोजा ओढला आणि कामाला लागली. आईच्या थडग्यावरचं तण काढलं, मग शेजारच्या नव्या, अजून पुरत्या न बसलेल्या मातीवरचं. पहिल्यांदा मिटलेली बोटं सारखी उघडायला बघत होती. ऊन चढेपर्यंत बोटं गप्प झाली. हात दोन बोटांनी धरायला शिकला, पकड जवळ घ्यायला शिकला, लांबचं सोडून द्यायला शिकला. गवताचा एक जुडगा उपटताना ती मध्येच थांबली.

अनामिकेची ती झेप बाबांच्या या हाताला घेता आलीच नसती.

“काय गं?” आत्याने पलीकडून विचारलं. “साप आहे का?”

“नाही. आत्या, बाबा ही चाल कधीपासून वाजवायला लागले? बोटं जायच्या आधी?”

आत्याने फावडं टेकवलं. “आधी तुझे आजोबा वाजवायचे. ते त्याच वर्षी गेले, बोटं गेली त्याच वर्षी. त्या हिवाळ्यात ऑटिस कारखान्यात नव्हता. मागच्या खोलीत दार लावून बसायचा. आम्हाला वाटायचं, रडतोय.”

“मग?”

“रडतही असेल. पण मार्चमध्ये बाहेर आला तो बांजो घेऊन.”

“म्हणून पाठ करायचे का तारा लावताना?”

“लाज वाटायची की गर्व होता, मला काय ठाऊक. ब्लेव्हिन्स माणसांत दोन्ही सारखंच दिसतं.” तिने पुन्हा फावडं उचललं. “जा घरी. तुझं लक्ष नाहीये, उगाच कुणाची फुलं उपटशील.”

घरी येऊन लोरीनने फडक्याची एक पट्टी फाडली आणि डाव्या हाताची दोन बोटं तळव्याशी बांधून घेतली. मग मागच्या खोलीत बांजो मांडीवर घेतला.

आता विचार सोपा झाला. तर्जनी एक सूर धरून ठेवत होती म्हणून अनामिका लागत होती. तर्जनीला मोकळं करायचं तर तो सूर तारेनेच धरायला हवा, न दाबता. तिने तिसरी तार त्या सुरापर्यंत चढवली. पहिला अडथळा गेला. आखूड तार तिच्या जोडीला तेवढीच वर घेतली. मग दुसरी तार राहिली. डोंगरी जुळणीत ती उंच असते, आणि आता चढताना सारखी आड येत होती. तिने खुंटी हळूहळू सोडली. तार खाली येत गेली, बेसूर झाली, आणखी बेसूर झाली, तिसरीच्या अगदी जवळ येऊन थरथरू लागली आणि मग थरथर थांबली. दोन्ही तारा एका सुरात उभ्या होत्या.

लोरीनने नख पाडलं. एका तारेवर, मग दुसरीवर. सूर तोच, पण एक तार किंचित जाड आणि दुसरी किंचित पातळ, त्यामुळे तो दोन माणसांनी म्हटल्यासारखा येत होता. एकीवर चाल सरकली तरी दुसरी जागेवर थांबून तिची वाट बघत होती. तारा पाच होत्या आणि सूर दोनच, त्यात ना आनंद ना दुःख, दोन्हीला जागा. प्रेस्टनकाका ज्याला आणखी एक जण म्हणत होते, तो इथे बसलेला होता.

तिने चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. तिला दोन बोटं पुरून उरली. अवघड जागा अवघड राहिलीच नव्हती. बोट घसरत वर जाई आणि घसरत परत येई. बाबांनी ती जागा घसरण्यासाठीच केलेली होती. चाल संपल्यावर तिने पट्टी सोडली. मग काकांना फोन करायला उठली, पण केला नाही. त्यांनी ते कुंपणापाशीच ऐकावं असं तिला वाटलं.

रविवारी सकाळपासून धुकं होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत ते ओकच्या फांद्यांत अडकून बसलं. टेबलांवर कोंबडी, डुकराच्या मांसाचे काप, मक्याचा पाव, आणि वाळल्या सफरचंदांचे थर घातलेला आत्याचा केक होता. लोरीनने पेटी उघडली. कातड्यावर बोट टेकवलं तर ते ओल्या पापडासारखं दबलं. घोडी खाली बसली होती आणि तारा दांडीला टेकून खरखरत होत्या.

गारनेट हातात ताटली घेऊन शेजारी आला. “माझ्या बांजोला कातड्याऐवजी प्लास्टिक आहे. नदीत बुडवला तरी ताशासारखा वाजेल. देऊ?”

“तुझा ट्रक दे.”

“ट्रक कशाला?”

“बॉनेट गरम करून दे.”

त्याने तिच्याकडे बघितलं, ताटली आईच्या हातात दिली आणि जाऊन इंजिन चालू केलं. लोरीनने बॉनेटवर गोधडी पसरून तिच्या घडीत बांजो ठेवला, आणि लोक केक खाईपर्यंत ती त्याच्याजवळच उभी राहिली. मधून मधून टिचकी मारून बघत होती. आवाज आधी मातीसारखा आला, मग लाकडासारखा, मग शेवटी कातड्यासारखा. कुणीतरी म्हणालं, “लोरीन, भाजून झाला की एक तंगडी मला.” ती म्हणाली, “तुला मान देते.”

जेवणं उरकली. प्रेस्टनकाका कुंपणाजवळ खुर्चीवर बसले होते. पेटी पायाशी होती, बंद. लोरीन त्यांच्या समोर, गारनेटच्या ट्रकच्या मागच्या उघड्या फळीवर बसली आणि सगळ्यांदेखत तारा लावू लागली. लोकांनी रिवाजाप्रमाणे नजरा फिरवल्या. गारनेटनेही फिरवली.

“इकडे बघ,” ती त्याला म्हणाली.

“नको ताई. मामाला आवडलं नसतं.”

“तुझ्या मामाने लपवलं ते त्याचं त्याच्यापाशी. माझ्यासाठी कुणाला तरी वाजवावं लागेल. नीट बघ. तिसरी वर घ्यायची, दुसरी खाली. भेटेपर्यंत.”

दुसरी तार उतरत आली, थरथरली, आणि तिसरीला मिळाली. प्रेस्टनकाकांनी मान वर केली. ते वाकले, पेटीच्या दोन्ही कड्या उघडल्या, आणि फिडल हनुवटीऐवजी छातीला लावून, त्यांच्या जुन्या पद्धतीने, गज तयार धरला.

लोरीनने सुरुवात केली. कुंपणापलीकडे आईशेजारी बापाची माती होती, कालच थापून नीट केलेली, वर पिवळी फुलं. तिने तिकडे बघितलं नाही. हाताकडे बघितलं. खाली, खाली, अंगठा. पहिल्या फेरीला काका फक्त मागे मागे आले. दुसऱ्या फेरीला ते आत शिरले.

तिसऱ्या फेरीत, चाल चढायला लागली तिथेच, दुसऱ्या तारेची खुंटी सरकली. फार नाही, पण जोडी फुटली आणि सूर खरखरीत झाला. थांबून खुंटी पिळायला वेळ नव्हता. तर्जनी आपोआप त्या तारेवर गेली आणि दांडीच्या टोकाशी तिला दाबून पुन्हा तिसरीच्या सुरात आणून उभी राहिली. तर्जनी तिथे अडकली तेव्हा वर चढायला मधलं बोट एकटंच उरलं. मग लोरीनने आठवडाभर घासलेली अनामिका उघडली आणि पुढच्या जागेवर टाकली. चाल थांबली नाही. आत्याने डोळे उघडले, मिटले.

फेरी संपत आली. चाल थांबवायची असली की फिडलवाला पाय उचलतो, तीच खूण असते. शेवटच्या वळणाला लोरीनने प्रेस्टनकाकांच्या बुटांकडे बघितलं. तीन फेऱ्या झाल्या होत्या, आणि तिनाहून जास्त कधी कुणासाठी वाजल्या नव्हत्या. काकांचे डोळे मिटलेले होते. दोन्ही बूट गवतात घट्ट रोवलेले होते.

तिने अंगठा आखूड तारेवरून सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.